कारणाचा रकाना

नुकसानीच्या वहीत पाच रकाने असतात:
तारीख, माग, कामगार, रक्कम, कारण.
चार मी डोळे मिटून भरतो.
पाचवा त्या रात्रीपासून कोरा आहे.

जानेवारी. गड्ड्यातले पाळणे अजून उतरले नव्हते,
अक्कलकोट रोडवर थंडी चटणीसारखी झोंबत होती.
बालामणी कांड्या भरत होती, नववा लागलेला.
दोनच्या सुमारास ती सुताच्या पोत्यावर बसली
ती उठलीच नाही.
फाटकाला बाहेरून कुलूप. किल्ली मालकाकडे,
मालक हैदराबादला, लग्नात.
पोरांनी हातोडे घातले, कुलूप दाद देईना.

सत्तय्या गुंडला, माग नंबर अकरा,
नव्या पोरांच्या टाळक्यात मारून सांगायचा
की थान पुरं होईस्तोवर
कात्री खिशातसुद्धा ठेवायची नाही,
त्यानं माग थांबवला.
धोटा हातात घेतला, जरा वेळ धरूनच राहिला.
मग ब्लेड काढून
परदेशी ऑर्डरचा पांढराशुभ्र टॉवेल
अर्ध्यातच उतरवला.
ताण्याचे सगळे धागे एकदम सैल पडले.
एकेक करत बाकीचे माग कुणी बंद केले
कळलं नाही.
ब्लेड मी चहाच्या स्टोव्हवर धरलं, लाल होईस्तोवर.
पुढचं कमलव्वानं केलं.

सकाळी म्हटलं, सत्तय्या, लिहून टाकतो,
उंदरांनी कुरतडला.
तो चिडला.
"उंदराचं नाव कशाला घेता ओ?
मी कापला. दंड लावा.
आज सोडलं तर उद्या कोणतरी
सिनेमाची वेळ झाली म्हणून कापंल.
कापायचा नसतोच ताणा.
कापला, ते वेगळं."

तीनशे ऐंशी रुपये.
शनिवारी मोजून दिले, पावती मागून घेतली.
मालकानं सही करताना
कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं: हे?

काय लिहिणार? अडचण? नाइलाज?
नाइलाज या शब्दाचा
या वहीत चोथा झालाय.
कुलूप लावतानासुद्धा
मालक तोच म्हणाले होते.

आज बालामणी आली, कडेवर पोरगी.
अंगाभोवती तोच टॉवेल, एका बाजूला काठ नाही,
लोंबणारे दोरे पोरगी चोखतेय.
सत्तय्यानं मागावरून मान वर केली,
परत खाली घातली.

मी पेनाचं टोपण काढलं
आणि विचारलं,
नाव काय ठेवलंस हिचं?