काच धरून ठेव

काच गेली ती मंगळवारी पहाटे,
इस्पितळाच्या पार्किंगच्या फाटकापाशी.
कार्ड टेकवायला खाली घेतली,
फाटक उघडलं,
काच काही परत आली नाही.
बटण दाबलं की दाराच्या पोटात
कुणी झोपेत दात खातंय असा आवाज.
मग तोही थांबला.
रात्रभर लोकांचं रक्त तपासून
उजवा कान वाऱ्याला देऊन मी घरी आले.

चार दिवस कचऱ्याची काळी पिशवी आणि चिकटपट्टी.
ग्रिम्सबीच्या वाऱ्याला पिशवीचा राग येतो.
गॅरेजवाला म्हणाला, दोनशे ऐंशी पौंड.
गाडीच घेतली होती नऊशेंना.
नाकापेक्षा मोती जड.
भंगारातल्या गाडीचा रेग्युलेटर मागवला पस्तीसला,
आला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सुरमईसारखा.

रविवारी दार सताड उघडून
पालथ्या बादलीवर बसले.
आधी फ्यूज पाहिला. शाबूत.
मग हँडलच्या टोपणामागचा स्क्रू,
खणाच्या तळातला दुसरा,
आणि आरशापाशी लपलेला तिसरा,
ज्याच्यापायी अर्धा तास गेला.
मग डोळे मिटून ओढायचं.
टक्. टक्. टकाटक्.
दोन क्लिपा जिवानिशी गेल्या.
आतला प्लास्टिकचा पडदा सोलताना
काळा डिंक कोपरापर्यंत आला.

दाराच्या तळाशी पाच पेन्स,
चघळलेली बुटकी पेन्सिल,
कुणा लहान मुलाची एक गुलाबी चिमटी.
आणि गुंता झालेली तार,
लोकर उसवून टाकून द्यावी तशी.

कुंपणापलीकडून नॉर्मन बघत होता.
सहा वर्षांत आमचं बोलणं एवढंच :
आज निळा डबा की हिरवा.
तो आला, गुडघे मोजून मोजून वाकवत.
तार दोन बोटांत धरून म्हणाला,
हे तर विंच आहे.
जाळी ओढायच्या बोटींवर होता, बोटी विकल्या जाईपर्यंत.
पुली गेलीय, म्हणाला. तारेचा दोष नाही.
डाव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंतच.
'विंच' म्हणताना तो हात
खिशात गेला होता, ते मी पाहिलं.

काच धर, म्हणाला. वर. अजून वर. आता सोडू नकोस.
मी बाहेरून दोन्ही तळवे लावून उभी,
तो आत डोकं खुपसून बोल्ट शोधतोय.
दंड भरून आले.
नाकावर खाज, जिथे हात पोचणार नाही नेमकी तिथेच.
घरात फोन वाजला,
रविवारचा, म्हणजे आईच.
वाजू दिला.
तो वाजून वाजून थकला, पुन्हा वाजला.
काचेपलीकडे नॉर्मनचं टक्कल,
त्यावर माझ्या तळव्याचा तेलकट ठसा.

बटण दाबलं.
काच जरा अडखळली,
पाऊण वाटेवर कुरकुरली,
आणि रबरात जाऊन बसली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
नॉर्मनने चहा नको म्हटलं, मग घेतला,
साखर तीन चमचे.

रात्री आईला सांगितलं.
ती म्हणाली, अगं, तिथे तुला कुणी नाही का असली कामं करायला?
तिचा प्रश्न गाडीपुरता नव्हता.
दार बसवताना एक स्क्रू उरलाय, मी म्हटलं.
ती म्हणाली, काय?
म्हटलं, काही नाही. झालं काम. दोघं होतो.

स्क्रू अजून राखेच्या खणात आहे.
वळणावर खुळखुळतो.
फाटकापाशी मी आता काच अर्धीच खाली घेते,
आणि तेवढ्या फटीतून हात बाहेर काढताना
कार्ड दोनदा पडलंय.

बुधवारी संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला :
उद्या निळा.