अक्षराला पाच रुपये

भांडी बाजारात, दहीपुलाच्या अंगाला,
अडीच बाय चार फुटांचं माझं दुकान.
बत्तीस वर्षं भांड्यांवर नावं घालतोय.
चि. सौ. कां., कै., यांजकडून सप्रेम भेट,
तारीख,
आणि जागा उरलीच तर एक कमळ.

ती आली मंगळवारी, भर दुपारी.
पिशवीतून काढली तांब्याची ताटली
आणि मोबाइलमधलं चित्र:
वर्तुळात पाच टोकांची चांदणी.
नाव काय घालू, विचारलं.
नाव नको काका, एवढंच.
आणि एकच टोक वर ठेवा.
उलटी झाली तर लोक भलतंच समजतात.
म्हटलं, लोक सुलटीलाही भलतंच समजतात.

हात न उचलता काढायची असते ती,
पाटीवर काढायचो तशी,
एका रेघेत निघून पुन्हा घरी.
मशीन टर्रर्र करत होतं, ती सांगत होती:
हे टोक माती, हे पाणी, हा अग्नी, हा वारा,
आणि वरचं, चौघांना धरून ठेवतं ते, स्पिरिट.
माझ्या फळीवर बाटली होती स्पिरिटची,
भांडी पुसायची.
तिनं पाहिलं, मी पाहिलं.
आकाश म्हणा, मी म्हणालो.
आकाश चालेल, म्हणाली.

ताटलीच्या मागे तीन चंद्र हवे होते.
वाढता, पुरता, उतरता.
मुलगी, आई, म्हातारी.
पुरता सोपा: रुपया ठेवायचा, सुई फिरवायची.
उतरत्या कोरीला चष्मा पुसावा लागला.
म्हातारीचं काय करता तुम्ही लोक?
तिलाच जास्त मान. तिला सगळं ठाऊक असतं.
आणि मग, कॉलेज रोडच्या पोरी
आडनाव सांगतात तितक्या सहज,
मी विच आहे, म्हणाली. चेटकीण.
तिच्या पिशवीला बोटभर केरसुणी लटकत होती,
खेळण्यातली.

मी मशीन बंद केलं.

पेठच्या पुढे, आमच्या पाड्यावर
सोमीमावशीला झाडपाला ठाऊक होता.
कुठल्या बाळंतिणीला काय उकळून द्यायचं ते.
एका वर्षी तापानं तीन पोरं गेली.
सकाळी तिच्या कुडाच्या दारावर कोळशाची फुली.
दोन रेघा.
अर्थ कुणी सांगितला नाही,
सगळ्यांना पाठ होता.
ती रात्रीच निघाली, हातात केरसुणी घेऊन.
केरसुणीच का, कोण जाणे.
हाताला लागेल ते घेऊन माणूस निघतो.
मी कुडाच्या फटीतून पाहत होतो.
हाक मारली नाही.

काका, झालं?

झालं. फुंकर मारून कीस उडवला.
किती द्यायचे?
माझा भाव अक्षराला पाच रुपये.
चांदणीची अक्षरं किती, चंद्राची किती?
तुम्हीच ठरवा, म्हणाली.
पन्नास घेतले. जास्त झाले का कमी, अजून कळत नाही.
ताटली ओढणीत गुंडाळून
ती गर्दीतून सराफ बाजाराकडे वळली.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
तांब्याच्या एका कातरणीवर
दोन रेघा मारल्या, एकमेकींना छेदून.
त्याच पुढे नेल्या तर चांदणी होते का,
बघत होतो.
होत नाही.
पहिली रेघच
वेगळ्या कोनातून काढावी लागते.