फुंकर

पाचपावलीच्या दवाखान्यात
अकरा वर्षं एकच शब्द
सेवंता हेडाऊच्या पिवळ्या कार्डावर : दमा.
पहिल्यांदा लिहिला तो मीच.
घाईतलं अक्षर, 'द'चं शेपूट तुटलेलं.

बीडी? – विचारलं होतं.
नाई जी.
तंबाखू? नाई जी.
संपली चौकशी. बाहेर साठ जण खोकत होते.

गोळीबार चौकाजवळ सावजी भोजनालयात
एकोणतीस वर्षं ती चुलीपुढे.
खसखस, सुकं खोबरं, दगडफूल भाजायची.
चव गिऱ्हाइकांची, धूर तिचा.
"तुमी पुसलंच नाई,
नाई त सांगतलं असतं."

यंत्र होतं. कपाटात, खोक्यासकट.
तोंडात धरायच्या नळ्या नव्हत्या.
या सोमवारी आल्या.

फुंका बाई. अजून. अजून. सोडू नका.
नाकाला चिमटा, डोळ्यांत पाणी,
ओली लाकडं पेटवताना फुंकत असेल, तशी
फुंकत राहिली
आणि पडद्यावरची रेघ
चढली न चढली तोच
आत खचली.
पंप दिला, वीस मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकवलं.
रेघ तशीच.

दमा येतो, जातो.
हे येऊन राहिलेलं.
चुलीच्या बाजूच्या भिंतीवर
काजळी राहते, तसं.

"मंग इतके साल
मी कायचं औषध घेतलं जी?"

मी पेनाचं टोपण
काढलं, लावलं, काढलं.

ती गेल्यावर पुढचं कार्ड उघडलं.
दमा.
'द'चं शेपूट तुटलेलं.

नळ्या मोजल्या.
तेवीस उरल्यात.