तीळ

आंघोळ करताना गुडघ्यामागे तीळ दिसला.
म्हटलं, बाळंतपणात अंगावर काय काय उमटतं,
त्यातलाच हा एक.
दोन दिवसांनी त्याला पाय फुटले.

ब्रॉकनहर्स्टच्या रानात नेचे कमरेएवढे वाढलेले.
बाबागाडी वाटेवर उभी करून
चार पावलं आत गेले होते,
एक घोडी शिंगराला पाजत होती ते बघायला.
तेवढंच.

बाबा फलटणला जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर.
म्हशीच्या कासेवरचे गोचीड चिमट्याने काढून
रॉकेलच्या डब्यात टाकायचे, मोजत.
"दुधाला तोंड लावून बसतो नि रक्त पितो," म्हणायचे,
"आहे का अक्कल?"
मला डब्यातला आवाज आवडायचा. टप्प.
माझा गोचीड निरंजनने उपटला, संडासात टाकून पाणी सोडलं.
कसलाच आवाज झाला नाही.

मग लाल कडं उमटलं, बशीएवढं,
आत फिकं, आणखी आत पुन्हा लाल.
आम्हाला वाटलं, उन्हाचं असेल. इथे, आणि ऊन!
तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी
चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळाला
आणि मला कळलंच नाही.
तोषाच्या टाळूवर पडणार होता, थोडक्यात चुकला.

साउथॅम्प्टनच्या इस्पितळात रात्र गेली.
झटका नाही म्हणाले, लाइम आहे.
गोळ्या दिल्या, डोळ्यावर लावायला चिकटपट्टी दिली.
दुधाचं मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

दोन दिवस पिळून बेसिनमध्ये ओतलं.
पांढरं, कोमट.
मोबाइलचा दिवा लावून वाटीत पाहिलं,
आपण तांदळात किडे बघतो तसं.
तोषा बाटलीचं रबर चावत रडायची
आणि ती रडली की माझा सदरा भिजायचा.
बंदी घातल्याचं
छातीला कुणी कळवलंच नव्हतं.

सोमवारी डॉक्टर हॅथरली म्हणाल्या,
दुधातून बाळाला झाल्याची नोंद आमच्याकडे नाही.
या गोळ्या चालतात. पाजा.
मग चष्मा काढून: थांबायला सांगितलं कुणी?

कुणी नाही, मी म्हटलं.
एवढं स्पष्ट आलं.
प, फ, ब, भ, म सगळे ओठांवरून घसरत होते.
पाणी म्हणता येईना, बाबा म्हणता येईना,
माझं बाळ तर नाहीच नाही.
आई मात्र म्हणता येत होतं.
आई म्हणायला ओठ लागत नाहीत.
बसच्या थांब्यावर उभी राहून
तीन-चारदा म्हणून पाहिलं.

आता दिवसातून तीन गोळ्या, आठ-नऊ वेळा ती.
मनगटं रात्री विटांसारखी जड होतात,
निरंजन उशी सरकवतो, तिची मान धरतो,
आणि माझ्याकडे न बघता विचारतो, लागली का?
लागली.
दात नाहीत तरी केवढा जोर!
पट्टी काढली की माझा डावा डोळा उघडाच राहतो,
पापणीला पापणी टेकत नाही,
म्हणून मी निम्मी झोपते
आणि उरलेली तिच्याकडे बघते.
मी अर्धीच हसते, ती पुरी.
कुणाचं बघून शिकली, कोण जाणे.

पाजून झालं की टॉर्च लावते.
कानामागे, गळ्याच्या वळीत, काखेत, जांघेत,
बोटांच्या बेचक्यांत.
बाळ तर रानात उतरलेलंच नव्हतं, निरंजन म्हणतो.
म्हणू दे.

काल डाव्या खांद्यामागे एक सापडला.
नखाने हळूच हलवला.
ती झोपेत चोखत होती, काही नसताना.
पुन्हा हलवला.
सरकत नाही.
सकाळच्या उजेडात परत बघेन.