गुरुवारचं पेन

फ्रीजच्या दारात, सुकटीच्या चटणीला खेटून
ते पेन उभं असतं.
गुरुवारी रात्री बेंबीपासून चार बोटं सोडून
पोटाची चिमूट धरायची.
टक्.
सहापर्यंत मोजायचं.

रुवीच्या दवाखान्यात डॉक्टर बलुशीबाई
आधी काट्याकडे बघत नाहीत.
विचारतात, मळमळ? जिना चढताना चक्कर?
मग हळूच, जेवताय ना, विश्राम?

काय सांगू.
एकोणीस वर्षं कंपनीच्या मेसमध्ये
अडीचशे माणसांचं मीठ जिभेवर तोललं,
उरलेला भात टाकवेना म्हणून
पातेल्यातच जेवलो, उभ्यानं.
एकशे बारा किलो म्हणजे
तो सगळा न टाकलेला भात.

आता कढईत कांदा लाल होतो
आणि आतून कुणी हाक मारत नाही.
खोली सोडून गेलेल्या शेजाऱ्यासारखी भूक.
कधी कधी भिंतीला कान लावतो.

पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं तिसरं भोक
व्हिडिओवर दाखवलं, तर शेवंती म्हणाली,
"गळ्याकडची हाडां दिसतत.
थंय उपाशी ठेवतत की काय?"

या महिन्यात बाईंनी डोस वाढवला नाही.
घाई नाही, म्हणाल्या.
मी डब्यात एक पोळी घेतो,
अर्धी खातो.
उरलेली अर्धी
अजून टाकता येत नाही.