धुरी

चार फोटो, एकाच आकाशाचे,
मध्ये दहा-दहा मिनिटांची फट.
शिवडीच्या शाळेत, लॅबमधल्या जुन्या संगणकावर
मी ते उलटत बसले.
सगळे ठिपके जागच्या जागी,
एक मात्र सरकला,
बाकावरून हळूच उठणाऱ्या पोरासारखा.

वर बघून उपयोग नव्हता.
वर गोदीचे दिवे, कोळशाची धूळ.

मग नऊ वर्षं.
कक्षा पक्की होईतो नुसती अक्षरं-आकडे,
टॅक्सीच्या नंबरप्लेटसारखी.
मग पत्र : नाव सोळा अक्षरांत बसवा,
पुढाऱ्याचं नको, पाळलेल्या मांजराचं नको.

मी लिहिलं, धुरी.
लॅबची किल्ली ज्यांच्या कमरेला असायची,
सुट्टी झाल्यावर जे म्हणायचे,
"बस गो, मी थांबतंय."

सांगायला गेले तर इस्त्री चालली होती.
"केवढो?"
"शिवडी ते भायखळा."
इस्त्री उभी केली त्यांनी.
"चाळीस वर्सां म्हाडाची लॉटरी लागूक नाय,
आणि आता ह्या!"

जरा वेळानं, हळू :
"आत्ता खंय आसा तो?"

दुपारचे तीन.
मी लादीकडे बोट दाखवलं.
पृथ्वीच्या पलीकडे, खाली.

त्यांनी पाय उचलला,
बाजूला ठेवला.