ब्याण्णव की ब्याऐंशी

शाळा बंद पडल्यावर तालुक्याच्या साहेबांनी विचारलं,
कानडी येणाऱ्या मराठी बाई कोण कोण?
मी हात वर केला, सवयीनं,
आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या कानात
दोन माणसं राहायला आली.

एका बाजूला बेळगावात डॉक्टर शैलजा मुनवळ्ळी,
गोकाककडच्या, मराठी भाजी घेण्यापुरती.
दुसऱ्या बाजूला खानापूरच्या रानातलं कुणीही.
मधे मी, स्वयंपाकघरात,
कुकरची शिट्टी चिमट्यानं उचलून धरलेली.
"हेळ्री," त्या म्हणायच्या.
"सांगा," मी म्हणायचे.

तापाला शब्द होता, खोकल्याला होता.
पण एक बाई म्हणाली,
"छातीत कुणी घर रिकामं करून गेल्यागत वाटतंय."
मी तसंच्या तसं कानडीत ठेवलं.
डॉक्टर जरा गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, कधीपासून, विचारा.

लुमाना गावड्याचं घर ओढ्याच्या वळणात.
तिथं रेंज नाही.
रेंज वर, माउलीच्या देवळामागच्या कातळावर.
म्हणून फोन कातळावर, नातीच्या हातात,
यंत्र खाली, म्हाताऱ्याच्या बोटाला
(वाडीत ते एकच, आशाताईनं रुमालात बांधून आणलेलं),
आणि मधे फणसाखाली नातू, हाळी द्यायला.
सून वाचणार, नातू ओरडणार,
नात मला सांगणार, मी बेळगावाला.

"तोंबत्तेरडु," मी म्हटलं. ब्याण्णव.
"परवागिल्ल," डॉक्टर म्हणाल्या, चालेल.
पण फोन ठेवला नाही.
"बोलतात का ते?"
नात म्हणाली, "बोलुलालाय की.
पण एक शब्द झाला की थांबुलालाय."

पुन्हा बघा.

वारं सुटलं होतं.
ब्याण्णव? ब्याऐंशी?
वीस वर्षं मी चौथीला उजळणी घेतली,
चुकलं तर छडी नाही, पण डोळे वटारले.
या दोन शब्दांच्या फटीत
एक अख्खा माणूस मावतो,
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"आकडा फोडून सांग, पोरी. आधी काय, मग काय."
फणसाखालून पाटी वर झाली.
तिनं फोटो काढला, मला पाठवला,
तो नुसता गोल गोल फिरत राहिला.
"बाई, आठ हाय."
मग?
"मग दोन."

एंबत्तेरडु.
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.
गाडीला मी सांगते, तोवर, बोरलु मलगिसि.

पालथं घाला त्यांना.
हाळी खाली गेली, वर आली,
येताना हसू घेऊन, की रडू, इतक्या लांबून कळेना:
"आई विचारत्या, तान्ह्या पोरागत?"
तस्संच. छातीखाली उशी.
उशी नसेल तर गोधडीची घडी.

गाडी जांबोटीपर्यंत आली,
पुढं रस्त्यावर झाड पडलेलं.
चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी.
पुन्हा पंच्याऐंशी.
आता शब्दांवर कुणाचाच विश्वास नव्हता,
सगळे सुटे आकडे बोलत होते.
अंधार पडला तसा नातवानं
पाटीवर बॅटरी धरली.
मधेच डॉक्टरांनी विचारलं, काय शिजतंय तुमच्याकडं?
डाळ, मी म्हटलं. तुम्ही जेवलात?
त्यांनी उत्तर दिलं नाही.
आठ, आठ, अशी हाळी आली
तेव्हा मागोमाग गाडीचा हॉर्न ऐकू आला,
कातळावरून, माझ्या ओट्यापर्यंत.

लुमाना परत आला. अजून पालथाच झोपतो,
सून म्हणते, किती सांगा, ऐकत नाही.
घर रिकामं झालेल्या त्या बाईचा फोन
तिसऱ्या दिवसापासून नुसता वाजत राहिला.
डॉक्टरांना मी कधी पाहिलं नाही.
बेळगावच्या बसस्टँडवर कुणी मागून "हेळ्री" म्हटलं
की अजून वळते.

आणि तो फोटो?
त्या रात्री साडेअकराला येऊन पडला.
ओली पाटी, पांढऱ्या खडूचे ८ आणि २,
आणि खाली, घाईत अर्धवट पुसलेला,
शाळा चालू असतानाचा
कुठल्याशा बाईंनी दिलेला गुणाकार.
हातचा तेवढा राहिला होता.